पहिली पसंती

आमच्या घरात त्या वर्षी सगळ्यांत शहाणी मी होते. हे माझं एकटीचं मत असतं तर फारसं बिघडलं नसतं, पण घरातल्या बाकीच्यांनाही ते पटलेलं होतं. मी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला नुकती लागले होते. सकाळी सायकलवरून जायची आणि संध्याकाळी जगाबद्दलचं एखादं नवं सत्य घेऊन घरी यायची. माणूस विवेकी असतो, म्हणजे आपल्याला काय हवं हे त्याला ठाऊक असतं. तो स्वार्थी असतो, म्हणजे हवं ते जास्तीत जास्त पदरात पाडून घेतो. आणि माया, भीड, शेजारधर्म वगैरे जे काही वरवर दिसतं ते उकरून पाहिलं तर खाली हेच दोन दगड लागतात. आई समोर बसून मेथी निवडत असायची. मी तिला विचारायची, तू शेजारच्या जीतो आंटींना भाकरी का देतेस? त्यांना आवडते म्हणून, असं ती म्हणायची. मग मी सांगायची की नाही, त्या तुला वाटीभर सरसोंची भाजी, साग देतात म्हणून. आई हातातली काडी मोडता मोडता थोडा विचार करायची आणि म्हणायची, "असेल बाई." तिला माझं म्हणणं पटलं, असाच त्याचा अर्थ मी घ्यायची.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते आणि आमचा मुक्काम चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. बदलीच्या नोकरीतली घरं लांबूनही ओळखू येतात. आमच्या बाहेरच्या खोलीत बसायला जे दिवाण होते ते खरं म्हणजे सामानाचे लाकडी खोके होते, वर गादी आणि त्यावर सोलापुरी चादर. पुढच्या बदलीला लागतील म्हणून ते कधी मोडले नाहीत. पाहुणे आले की आई त्यांना खुर्चीवर बसवायची आणि आम्ही खोक्यांवर बसायचो. पहाटे गुरुद्वाऱ्यातल्या पाठाचा आवाज यायचा, मग जीतो आंटींच्या घरातली घुसळण, मग खाली 'गोभी ले लो' म्हणत येणारा हातगाडीवाला. थंडीत सगळा सेक्टर गच्चीवर राहायला गेल्यासारखा उन्हात बसायचा. आई तिथंच राजमा निवडायची आणि त्याला गोडा मसाला लावून आमटी करायची. ही आमटी पंजाबात कुणाला खपली नसती आणि महाराष्ट्रात कुणाला समजली नसती, पण ती चव अजून माझ्या तोंडात आहे. धाकटा भाऊ बंटी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायचा. "मम्मी, आज फिर पोहे?" आई म्हणायची, हो, फिर पोहे.

या मसाल्याची पुडी पुण्याहून अण्णा पाठवायचे. अण्णा म्हणजे आईचे वडील. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाले होते, आजी गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच राहत. आई त्यांची एकुलती एक. दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं, अक्षर मोत्यासारखं आणि कोपऱ्यात एखादं इवलंसं चित्र, कधी चिमणी, कधी बंब. त्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन पोस्टकार्डं आली, दोन्हींत मजकूर अगदी तोच, बंबसुद्धा तोच. आई हसली आणि दोन्ही जपून ठेवली. मग एक कार्ड आमच्या जुन्या, हैदराबादच्या पत्त्यावर जाऊन फिरून आलं. रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांना फोन करायचो. पलीकडून अण्णा विचारायचे, कोण बोलतंय? आई म्हणायची, मी कुसुम. मग मध्ये थोडी शांतता आणि मग, "हां, कुसुम का! बोल गं." ही मधली शांतता दर रविवारी थोडी वाढत चालली होती. बूथच्या काचेबाहेर उभी राहून मी आईच्या चेहऱ्यावर ती मोजू शकायची. एकदा परत येताना आई म्हणाली, "त्यांना मी कळतेय, तोवर मला तिथं जायचंय." एवढंच म्हणाली. ती फारसं काही मागत नसे, त्यामुळे ते वाक्य घरात ठेवून दिल्यासारखं राहिलं.

आणि त्याच महिन्यात बाबांच्या ऑफिसात बदलीचे फॉर्म आले. ज्यांना एका जागी पाच वर्षं झाली त्या सगळ्यांनी तीन गावांची पसंती क्रमानं लिहायची. नियम साधा वाटायचा पण होता मोठा बेरकी. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती बघायच्या. एका जागेला दोघं-तिघं असतील तर जो ज्येष्ठ त्याला ती मिळणार. जो राहिला त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे बघेपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाची पहिली पसंती म्हणून गेलेली असणार. म्हणजे पहिल्या ओळीत चुकलात की संपलं, आहात तिथंच राहा. त्या वर्षी महाराष्ट्रात दोनच जागा होत्या, पुण्याला एक आणि नाशिकला एक. ऑफिसातल्या मराठी मंडळींत महिनाभर या फॉर्मशिवाय दुसरा विषय नव्हता, पण कोण काय लिहिणार हे मात्र कुणी कुणाला सांगत नव्हतं. महाराष्ट्र मंडळाच्या तिळगुळाला सगळे एकमेकांना गोड बोला म्हणाले आणि बदलीबद्दल चकार शब्द न बोलता घरी गेले.

बाबा सांगलीचे, सरळ माणूस. त्यांनी पेन्सिलीनं पहिल्या ओळीत पुणे लिहून फॉर्म टेबलावर ठेवला होता. मी तो पाहिला आणि माझ्यातली अर्थशास्त्रज्ञ जागी झाली. एक कोरा कागद घेऊन मी रकाने आखले. पुणे कोणाला नको असेल? सगळ्यांना हवंच असणार. दिल्लीच्या ऑफिसात बाबांपेक्षा ज्येष्ठ असे दोन मराठी अधिकारी होते, ते पुणेच लिहिणार. म्हणजे बाबांनी पुणे लिहिलं तर ते हातचं जाणार आणि नाशिकही जाणार. उलट सगळे पुण्यावर तुटून पडतील तेव्हा नाशिक मोकळं असेल. नाशिकहून पुणं किती लांब? सकाळी निघालं की दुपारी अण्णांच्या घरी. मी हे सगळं उभं राहून समजावलं. आई म्हणाली, "म्हणजे पुणं हवंय तरी पुणं लिहायचं नाही?" मी म्हटलं, हेच तर. बाबा चष्मा पुसत म्हणाले, सरकारी कागदावर खरं ते लिहावं गं. मी हसले. मला आजही आठवतं, मी किती मोठ्यानं हसले ते. बाबांनी खोडरबर घेऊन पुणे खोडलं, पेनानं पहिल्या ओळीत नाशिक लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत पुणे.

माझ्यासारख्या शहाण्या मुली, मुलगे, मेहुणे आणि स्वतः कर्मचारी प्रत्येक घरी होते, हे माझ्या रकान्यांत कुठं नव्हतं. यादी लागली तेव्हा कळलं की नाशिकला पहिली पसंती पाच जणांनी दिली होती, त्यात दिल्लीचे ते दोन्ही ज्येष्ठ अधिकारी. सगळ्यांनी हाच विचार केला होता की बाकीचे पुण्याच्या मागे धावतील. पुणे पहिल्या ओळीत लिहिणारा माणूस सगळ्या खात्यात एकच निघाला, सोनटक्के काका. पहिल्याच फेरीत त्यांना ते मिळालं. नाशिक ज्येष्ठाला गेलं आणि आम्हांला आणखी तीन वर्षं चंदीगड.

सोनटक्के काका बाबांच्याच ऑफिसात, त्यांच्याहून कनिष्ठ, अकोल्याकडचे. बारीक, जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका हळू की समोरच्यानं पुढं वाकावं. बंटीला सायकल त्यांनीच शिकवली होती. त्यांच्या पत्नी मंदाकाकू जवळच्या एका बालवाडीत शिकवायच्या आणि तिथल्या पंजाबी पोरांकडून त्यांनी वऱ्हाडी गाणी पाठ करून घेतली होती. यादी लागली त्या संध्याकाळी काका पेढे घेऊन आले. ते दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात, जणू कुणाच्या घरातली वस्तू चुकून त्यांच्या पिशवीत आली होती. आईनं पेढा घेतला आणि म्हणाली, पुण्याला थंडीत एक गरम शाल पुरते हो, रजया इथंच द्या कुणाला. तिच्या आवाजात काही नव्हतं. मी आत जाऊन रडले. अण्णांसाठी नाही, हे आज कबूल करते. माझा हिशेब चुकला म्हणून.

पण एक वाट अजून उघडी होती. ऑर्डर निघाल्यापासून पंधरा दिवसांत दोघांनी मिळून अर्ज दिला तर जागांची अदलाबदल करता यायची. ऑफिसात त्याला नुसतं 'म्युच्युअल' म्हणत. आईला हे बाबांकडून कळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाहेर जायची साडी नेसली, डब्यात चकल्या भरल्या, चपला घातल्या आणि म्हणाली की मी सोनटक्क्यांकडे जाऊन येते. मी खोक्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, त्यांना विचारून बघते.

मी पुस्तक मिटलं. पुढची दहा मिनिटं मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, ते विसरू देण्याची मेहेरबानी वयानं केलेली नाही. मी म्हटलं की त्यांनी का द्यावं? पुणे मिळालेला माणूस चंदीगडला का थांबेल? त्यात त्यांना काय मिळणार? तू विचारलंस तर त्यांना तोंडावर नाही म्हणावं लागेल, त्यांची पंचाईत, आपली शोभा, आणि जायच्या आधी पंधरा दिवस दोन्ही घरांनी एकमेकांना टाळायचं. आई म्हणाली, "नाही म्हणाले तर नाही. विचारायला काय जातं?"

"कुठलाही शहाणा माणूस हो म्हणणार नाही, आई. हे मी तुला सांगते."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. ती म्हणते ते बरोबर असेल, एवढं म्हणाले. त्यांच्याही मनात भीड होतीच. कनिष्ठ माणसाकडे मागायचं कसं, ही ऑफिसातली भीड. माझ्या अर्थशास्त्रामुळे तिला एक भारदस्त कारण मिळालं. आई दारात थोडा वेळ उभी राहिली. मग चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि साडी बदलायला आत गेली. चकल्या बंटीनं संपवल्या. पंधरा दिवस गेले. सोनटक्क्यांच्या प्रवासासाठी पुऱ्या आणि लसणाची चटणी आईनंच करून दिली, आणि स्टेशनवर मंदाकाकू तिच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की मला वाटलं, पुण्याला जाणाऱ्या बाईनं इतकं काय रडायचं. विवेकी माणसाच्या वागण्यात हे बसत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगायचं बळ नाही. दर सुट्टीत आई पुण्याला जायची. शेजारचं एक कुटुंब अण्णांना डबा द्यायचं, औषध द्यायचं. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आई आणि मी गेलो तेव्हा अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी उठून आईला नमस्कार केला, खुर्ची दिली आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, तुमचं गाव कुठलं?" आई म्हणाली, पुणंच. "अरे वा," अण्णा म्हणाले, "माझी मुलगीही पुण्याचीच. पण ती लांब असते." आई महिनाभर त्यांना जेवू घालत होती आणि ते रोज तिचे आभार मानत होते. बाबांची बदली होण्याआधी सहा महिने अण्णा गेले.

मी पुढं अर्थशास्त्रच शिकवलं, इथंच चंदीगडला, निवृत्त होईपर्यंत. लोकांना वाटतं मी त्या शास्त्रावर चिडून असेन. तसं नाही, आणि पुस्तकांची बाजू घेऊन सांगायला हवं की त्यांत कुठंही असं लिहिलेलं नाही की सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते. प्रत्येकाला आपलं हित कळतं, एवढंच ते म्हणतात. दुसऱ्याचं हित कशात आहे हे आपल्याला घरबसल्या कळतं, ही भर माझी. आणि देवाणघेवाणीत दोघांचाही फायदा होऊ शकतो हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात. मी परीक्षेत ते छान लिहिलं होतं. परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता मोहालीला नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत संशोधन करते. ती म्हणाली, "मॅम, आता अशा पद्धती आहेत की फॉर्मवर खरं लिहिण्यातच माणसाचा फायदा असतो, चलाखी करून काही मिळत नाही." कागदावर बाण काढून तिनं मला अर्धा तास ते समजावलं. मी मन लावून ऐकलं. ती गेल्यावर बराच वेळ तो कागद हातात घेऊन बसले होते.

अण्णा गेल्यानंतर दोन वर्षांनी आई आणि मी पुण्यात होतो, त्यांचं घर आवरायला. एका संध्याकाळी सोनटक्क्यांकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर छोटंसं घर, काका आणखी बारीक झालेले. मंदाकाकूंनी ठेचा-भाकरी केली. बोलता बोलता चंदीगड निघालं आणि काकू आणखी भाकरी वाढायला उठल्या. काका म्हणाले की हिचं मन इकडं रमलंच नाही, बालवाडी तिकडं राहिली, तशी नोकरी इथं मिळाली नाही, अजून त्या पोरांची नावं घेते. मी सहज विचारलं, मग तुम्ही पुणे लिहिलंत कशाला?

"फार्म कोरा देता येत नव्हता न," काका म्हणाले. "वहिनी पुन्याचं इतकं गोड सांगत, म्हून मी लिवून देल्लं. आपल्याले लागन असं कोनाले वाटलं होतं? अन् लागल्यावर नाही म्हनलं असतं त कुठंबी फेकलं असतं. एक म्युच्युअलच होतं. पंधरा दिवस मी वाट पायली, साहेब इचारतीन म्हून."

मी म्हटलं, काका, मग तुम्हीच का नाही विचारलंत?

काकांनी चष्मा काढला. "साहेबाच्या फार्मावर पयलं नाशिक होतं न, ताई. माह्याच टेबलावरून गेला तो. मले वाटलं, पुन्याचं काही दुखनं असन तुमच्या घरात, म्हून पुनं खाली ठेवून नाशिक वर लिवलं. लोकाच्या घरातलं आपन कायले उकराव?"

आई खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत होती. तिनं तो ठेच्याला लावला, खाल्ला, आणि मंदाकाकूंना म्हणाली की भाकरी छान झालीय, इथलं पीठ चांगलं दिसतं. आम्ही अर्धा तास आणखी बसलो. त्यांना काही कळू द्यायचं नाही हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं, आणि मला वाटतं त्यांना कधीच कळलं नाही. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. मी रडत होते. मी म्हटलं, आई, माझं चुकलं, तू निघाली होतीस आणि मी तुला अडवलं.

आईनं कठड्याला धरलं होतं. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तू अडवलंस म्हणून नाही गं थांबले," ती म्हणाली. "तू इतकं ठामपणे सांगितलंस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी नुसतं वाचलं होतं.